आमचं दळण वेगळं

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. थोरली सोलापुरात शिक्षिका आहे, धाकटी पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करते. हा लेख दोघींचा आहे. रात्री जेवणं उरकली की फोनवर एकीनं सांगायचं, दुसरीनं लिहून घ्यायचं, असा तो महिनाभरात झाला. एकीचा रिपोर्ट आला म्हणून दुसरीची तपासणी झाली, एकीनं घाबरायचं थांबवलं तेव्हा दुसरीनं सुरू केलं. त्यामुळे कुणाचं दुखणं कुठं संपतं आणि कुणाचं कुठं सुरू होतं, हे आम्हालाच नीट सांगता येत नाही.

माहेर मंगळवेढ्याचं. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. काळ्या रानातली मालदांडी ज्वारी, तिची पांढरीशुभ्र भाकरी, वर शेंगाची चटणी. घरात बोली दखनी, शाळा मराठी. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. २०१६ साली आमच्या गावच्या या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी पेपरात आली आणि त्याच वर्षी आम्हा दोघींच्या ताटातून गहू कायमचा उठला. त्या मानांकनाचा आनंद गावात सर्वांत जास्त आम्हालाच झाला असेल.

दुखण्याची सुरुवात धाकटीपासून झाली, असं आम्ही बरीच वर्षं समजत होतो. २०११ च्या सुमाराला ती पुण्यात नोकरीला लागली. खोलीवर राहायची, डबा लावलेला. डब्यात रोज चार चपात्या. वर्षभरात तिला जिना चढताना धाप लागू लागली. पोट फुगायचं, कधी जुलाब, कधी काहीच नाही. केस मूठमूठ गळायचे. पण या सगळ्यापेक्षा वाईट होती ती रात्र. अडीच-तीनला एकदम जाग यायची, छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आणि आता आपण मरणार असं वाटायचं. कलमा आठवायची आणि उठून बसायची. दोनदा रिक्षा करून रात्री दवाखान्यात गेली. दोन्ही वेळा कार्डिओग्राम काढला, चांगला आला. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका. लग्नाचं बघा.’

हिमोग्लोबिन ७.४ होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या. सहा महिन्यांनी ७.८. पुन्हा गोळ्या. एका डॉक्टरांनी रक्तातलं बी-१२ तपासलं, ते १४८ आलं. २०० च्या खाली म्हणजे कमीच. तर ते रिपोर्टवरचं नाव वाचून हसले आणि म्हणाले, ‘तुमच्यात तर मटण रोज असतं, तुम्हाला बी-१२ कसं कमी?’ मास्तरांच्या घरात मटण रोज असतं, हे आम्हाला नव्यानंच कळलं. ड जीवनसत्त्व ८ आलं तेव्हा दुसऱ्या एकांनी विचारलं, ‘बुरखा घालता का?’ धाकटी बुरखा घालत नव्हती, रोज दुपारी बारा वाजता जेवणाच्या सुट्टीत उन्हातून चालत जायची. तसं बघितलं तर ड जीवनसत्त्व आपल्या देशात सगळ्या जातिधर्मांत, बुरख्यात आणि बुरख्याबाहेर, कमी सापडतं. या दोन्ही प्रश्नांचा आम्हाला राग आला हे खरं, पण नंतर वाटलं, प्रश्न चुकीचे नव्हते, ते अर्ध्यावर सोडले हे चुकीचं होतं. मटण खाणाऱ्या, उन्हात फिरणाऱ्या बाईच्या अंगात बी-१२ नाही, ड नाही, चार वर्षं गोळ्या खाऊन लोह नाही. मग खाल्लेलं जातं कुठं? हे विचारायला पाहिजे होतं. कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही.

इकडे घरच्यांचे इलाज चालू होतेच. कुणी नजर उतरवली. कुणी तावीज आणून दिला. एक चाची म्हणाल्या, पुण्यातली खोलीच बरी नाही, तिथं काहीतरी आहे. आम्ही शिकलेल्या, तरी तावीज बांधला. रात्री तीन वाजता छाती धडधडते तेव्हा माणूस काहीही बांधून घेतो. शेजारच्या खाला फार मायेच्या. त्यांनी तलबीना करून आणली. जवाच्या पिठाची दुधातली पातळ खीर. आजाऱ्याच्या आणि दुःखी माणसाच्या मनाला त्यानं आराम पडतो, असं हदीसमध्ये आहे, हे आपल्यापैकी बहुतेकींना माहीत असेल. खाला पंधरा दिवस रोज वाटीभर आणून देत होत्या, बिस्मिल्लाह म्हणून समोर बसून खायला लावत होत्या. आणि धाकटीचं पोट त्या पंधरा दिवसांत जितकं बिघडलं तितकं आधी कधी बिघडलं नव्हतं. जव म्हणजे गव्हाचाच भाऊ, हे तेव्हा ना खालांना ठाऊक होतं, ना आम्हाला. दुकानातून ताकदीसाठी दुधात घालायची पावडर आणली, तीही जवाच्या माल्टची. म्हणजे जे जे प्रेमानं आणि ताकदीसाठी म्हणून पोटात घातलं, ते ते आत जाऊन उलटंच काम करत होतं.

२०१५ च्या नोव्हेंबरात एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी तो राहिलेला प्रश्न विचारला. फाईल चाळून त्या म्हणाल्या, ‘चार वर्षं लोह घेतेस आणि वाढत नाही. म्हणजे आतडं शोषत नाही.’ त्यांनी रक्ताची टीटीजी नावाची तपासणी लिहून दिली आणि मुद्दाम बजावलं की रिपोर्ट येईपर्यंत चपाती सोडायची नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गहू आधीच बंद केला तर तपासणी खोटी चांगली येऊ शकते आणि मग रोग लपून बसतो. टीटीजी कितीतरी पटीनं जास्त आली. मग दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचा बारीक तुकडा काढून तपासला. रोगाचं नाव निघालं सिलिअॅक.

आमच्यातलं कुणी हे नाव ऐकलेलं नव्हतं. अब्बांनी ते वहीत लिहून घेतलं. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांच्या शरीराला, जन्मानं आलेल्या जनुकांमुळे, ते सोसत नाही. अंगातली रोगप्रतिकारक शक्ती ग्लुटेनपायी आपल्याच आतड्यावर हल्ला चढवते. लहान आतड्याला आतून टॉवेलच्या सुतासारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. ते झिजून सपाट होतात. लोह आणि फॉलिक अॅसिड आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि मार बसतो तोही तिथंच. म्हणून पांडुरोग आधी. मग कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, जस्त, कधी बी-१२. ही अॅलर्जी नव्हे, संसर्ग नव्हे. औषध नाही. पथ्य हेच औषध, आणि तेही जन्मभर. उत्तर भारतात गहू रोजचा, तिथं शंभरात सुमारे एकाला हा रोग सापडतो. दक्षिणेकडे भात खाणाऱ्या मुलखात फार कमी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईबाप, भाऊबहीण, मुलं, सगळ्यांची तपासणी करून घ्या. अब्बांची चांगली आली. थोरली जायला तयार नव्हती. तिला काही होतच नव्हतं. तोंड यायचं, तेवढंच. दोनदा पोटातलं बाळ राहिलं नव्हतं, पण ते नशिबाचं म्हणून आम्ही मिटवलं होतं. जानेवारी २०१६ मध्ये केवळ धाकटीच्या आग्रहाखातर तिनं रक्त दिलं आणि तिचीही टीटीजी वाढलेली निघाली. दुर्बिणीतही तेच. त्या दोन बाळांचा याच्याशी संबंध होता का, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, असू शकतो, नसूही शकतो, आता ठरवता येणार नाही. या उत्तरावर ती किती दिवस नीट झोपली नाही ते इथं लिहीत नाही.

पण आम्हाला दोघींना तेव्हा एकाच वेळी, फोनच्या दोन टोकांना, एकच नाव आठवलं. अम्मी.

अम्मी २००९ साली गेली, वेगळ्याच दुखण्यानं. तिचं माहेर खेड्यातलं. लहानपण ज्वारीच्या भाकरीवर गेलेलं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या खाल्ल्याचं ती सांगायची, नाक मुरडून. चपाती सणाला, पाहुण्याला. लग्न होऊन ती मास्तरांच्या घरात आली आणि इथं चपाती म्हणजे इज्जत. रेशनचा गहू, पगाराचा गहू. आमची दादी अभिमानानं सांगायची की आमच्या घरात सून रोज चपाती खाते. ती सून पुढं तीस वर्षं पांढरीफटक होती. नाडीला हात लावला तर पळत्या घोड्यासारखी. रात्री उठून अंगणात येरझारा घालायची. दार वाजलं तरी दचकायची. सगळे तिला ‘घाबरट’ म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. ‘काय कू डरती गे अम्मी?’ असं विचारून हसायचो. ती म्हणायची, ‘कुछ नै बेटी, जीव घाबरा होता.’ रमजानमध्ये तिला बरं वाटायचं आणि आम्ही त्याला रोजाची बरकत म्हणायचो. बरकत असेलच. पण सहेरीला ती दूध-भात खायची आणि इफ्तारीला खजूर, केळं, भाकरी, हेही आता आठवतं.

तिला हाच रोग होता असं आम्ही म्हणत नाही. तपासणी झाली नाही आणि आता होणारही नाही. फक्त ‘घाबरट’ हा शब्द आमच्या घरात आता कुणी वापरत नाही.

धाकटीला आजाराचं वाचायचं वेड लागलं. त्यात तिला विलेम कारेल डिके हे नाव सापडलं. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. पोट फुगलेली, हाडाची काडं झालेली अशी मुलं हेगमधल्या त्यांच्या रुग्णालयात यायची. गव्हाचा यात हात असावा असा त्यांना १९३० नंतरच्या दशकातच संशय होता. मग महायुद्ध आलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या वेढ्यामुळे हॉलंडच्या पश्चिम भागात भयंकर उपासमार झाली, लोक ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खाऊ लागले. सगळा देश वाळत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली. कारण पाव मिळत नव्हता. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. थोरलीनं हे फोनवर ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हणजे अम्मीला सालभर दुष्काळच पाहिजे होता.’ बोलून गेली आणि मग दोघीही गप्प.

पथ्य ऐकायला सोपं. मंगळवेढ्याच्या मुलींना ज्वारी खा म्हणून सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, सगळं चालतं. बिर्याणी चालते. आमच्या लग्नातला दालचा-खाना चालतो. अडचण पहिल्याच आठवड्यात कळली, ती गिरणीवर. ज्वारी आमची, पण त्याच गिरणीत आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण झालेलं. जात्याच्या दगडात, पिठाच्या कापडी पिशवीत, गिरणीवाल्याच्या हातावर, सगळीकडे गहू. दोन महिने पथ्य करूनही थोरलीचं तोंड येणं थांबेना, ते यामुळे. गिरणीवाले मामा भले गृहस्थ. त्यांनी सकाळी गिरणी झाडून-पुसून पहिलं दळण आमचं घ्यायला सुरुवात केली. आधी किलोभर तांदूळ दळायचे, ते पीठ गाईला घालायचं, मग आमची ज्वारी. मामा गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचे, ‘थांबा, मॅडमचं दळण वेगळं!’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण रांगेतल्या बायका आमच्याकडे बघायच्या. आपल्यासारख्यांना ‘वेगळं’ हा शब्द आधीच कितीदा ऐकावा लागतो, आता पिठातही वेगळं. पुढं भिशीचे पैसे आले त्यातून घरघंटी घेतली.

नंतर हिंग. हिंगाच्या डबीत हिंग थोडा आणि मैदा फार, हे आम्ही पहिल्यांदा डबीवरचं बारीक अक्षर वाचून शिकलो. रवा, शेवया, पाव, नान, समोसा हे तर दिसतंच. शीरखुर्मा गेला. मोहरमचे चोंगे गेले, मलिदा गेला, खिचडा गेला. खिचड्यात गहूही आणि जवही. आपले सण आणि आपली मयत, दोन्हीकडे गहू बसलेला असतो, हे बाहेर काढल्यावर कळलं.

आणि मग आली भीती. लेख लिहायला घेतला तो खरं तर यासाठी.

पहिली भीती अंगातली होती. ती औषधानं गेली. धाकटीला बी-१२ ची इंजेक्शनं दिली, ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे, लोह आधी शिरेतून आणि मग गोळ्या. तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११ वर गेलं. पायाच्या मुंग्या कमी झाल्या. रात्रीची धडधड थांबली. पहिल्यांदा ती फजरपर्यंत सलग झोपली तेव्हा उठून आधी नाडी बघितली, म्हणाली, वाटलं मेलेच. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं, आणि ते पळणं मनाला भीतीसारखंच लागतं. बी-१२ कमी असलं तरी मन उदास, चिडकं होतं. चार वर्षं जिला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून सांगितलं, तिला रक्त पाहिजे होतं.

म्हणून आम्हाला वाटलं, सुटलो. पण तसं झालं नाही. आठ-दहा महिन्यांनी, रिपोर्ट सगळे सुधारत असताना, दुसरीच भीती बसली. आता ती चमच्याची होती. हा चमचा कुणी चपातीच्या डब्यात घातला असेल का? हा तवा? हे तेल, ज्यात सकाळी पुऱ्या तळल्या? धाकटी एकच पाकीट पाचपाचदा वाचायची. डोकेदुखीच्या गोळीत गव्हाचा स्टार्च असेल म्हणून डोकं धरून बसायची. आणि जीवनसत्त्वं. सुरुवातीचा अनुभव चांगला म्हणून तिनं दुकानातून आणखी आणल्या. बी-कॉम्प्लेक्स, जस्त, मल्टिव्हिटॅमिन, कुणीतरी सांगितलेलं बी-६. जरा मन घाबरलं की गोळी. रोज सात. डॉक्टरीणबाईंनी त्या बाटल्या टेबलावर ओळीनं मांडायला लावल्या आणि ओरडल्या. बी-६ मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतलं तर त्यानंच नसा बिघडतात, पायाला मुंग्या येतात. ज्यासाठी गोळी, तेच दुखणं. ड जीवनसत्त्वाची पुडीसुद्धा रोज घेतली तर अंगात कॅल्शियम वाढून घात होतो. आमच्याच ओळखीत एका बाईंनी ती आठवड्याची पुडी रोजची म्हणून घेतली होती. तेव्हापासून आमचा नियम आहे. रक्त तपासल्याशिवाय गोळी नाही, वर्षातून एकदा रक्त, आणि सोबत थायरॉइड, कारण हा रोग असलेल्यांत तोही बिघडायची शक्यता जास्त आणि त्यानंही छाती धडधडते. लोहाची गोळी चहाबरोबर नाही, कॅल्शियमबरोबर नाही. हे नियम आता आम्हाला नमाजाच्या वेळांसारखे पाठ झाले आहेत.

२०१७ मध्ये धाकटी मनोविकारतज्ज्ञांकडे गेली. हे लिहायचं की नाही यावर आमचा फोनवर वाद झाला. थोरली म्हणाली, नको, लोक वेडी म्हणतील. धाकटी म्हणाली, मग लेखच नको. तेव्हा लिहितो आहोत. त्यांनी तिचं सगळं ऐकलं. पथ्य सोडा असं म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘पाकीट एकदा वाचायचं ही काळजी. दुसऱ्यांदा वाचायचं ही भीती. दुसऱ्यांदा वाचावंसं वाटलं की पाकीट खाली ठेवून दहा मिनिटं थांबा आणि काय होतं ते वहीत लिहा.’ वहीत काहीच होत नव्हतं. नऊ महिने एक गोळीही चालू होती, मग हळूहळू बंद केली. आजही कधी रात्री जाग येते. पण आता ती आधी विचारते, काल काय खाल्लं? मग विचारते, काल काय घडलं? बऱ्याचदा उत्तर दुसऱ्या प्रश्नाला असतं.

थोरलीनं मात्र वेगळा रस्ता धरला, आणि तो सांगताना तिला अजून लाज वाटते. ती खोटं बोलू लागली. आपल्याकडे कुणाच्या घरी गेलं आणि खाल्लं नाही तर घरची बाई दुखावते. गहू सोसत नाही म्हटलं तर उत्तर ठरलेलं, ‘कुछ नै होता गे, एक घास खा ले.’ मोठ्या शहरात शिकलेले लोकही म्हणतात, थोडंसं चालेल की. थोडंसंही चालत नाही हे किती जणींना समजावणार? ‘ग्लुटेन-फ्री’ असं पाकिटावर लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. हे आकडे दस्तरखानावर बसून कुणाला सांगायचे? तर ती म्हणू लागली, ‘आज मेरा रोजा है.’ रोजाचं नाव घेतलं की कुणी आग्रह करत नाही, उलट दुआ मागायला सांगतात. सोमवारी रोजा, गुरुवारी रोजा, शाळेत बारसं असलं की रोजा. गल्लीत तिची मोठी दीनदार म्हणून ख्याती झाली. आणि घरी येऊन ती दार लावून भाकरी खायची, ज्या अल्लाहच्या नावानं खोटं बोलली त्याचंच नाव घेऊन.

२०१८ च्या बकरीदच्या दुसऱ्या दिवशी खालाकडे गेली. अम्मीची सख्खी बहीण. समोर नान आणि पाया आला. सवयीनं तोंडातून निघालं, ‘रोजा है खाला.’ खाला नान तसाच हातात धरून बघत राहिली. ‘आज? ईद के दूसरे दिन? आज रोजा हराम है गे!’

त्या दिवशी ती खालाच्या स्वयंपाकघरात बसून तासभर रडली. सगळं सांगितलं. रोग, गिरणी, दोन बाळं, खोटे रोजे. खालानं तिला काही उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, ‘चावल की रोटी चलती?’ चालते म्हटल्यावर उठली, परात घासली, पुन्हा घासली, आणि तांदळाच्या भाकरी थापायला बसली. पाया तर चालत होताच. मग म्हणाली, ‘तेरी माँ बी ऐसीच थी. नान खाई के रात भर बैठी.’ ते वाक्य ती किती सहज बोलली.

अम्मीच्या नावानं आम्ही दोघींनी त्या रात्री फातेहा पढली. खोट्या रोज्यांचं काय करायचं, हे थोरलीनं एका आलिमांना जाऊन विचारलं. ते उत्तर तिचं तिच्यापाशी आहे.

खरे रोजे आम्ही धरतो. पहिल्या वर्षी, २०१६ च्या जूनमधल्या लांब रोज्यांत, धाकटीचं रक्त अजून पुरतं भरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मना केलं. आजाऱ्याला सवलत आहे, नंतर भरून काढता येतात, हे कुराणात स्पष्ट आहे, तरी तिला अपराधी वाटलं. हिवाळ्यात तिनं ते सगळे भरून काढले. आता सहेरीला ज्वारीची भाकरी, दही, अंडं. इफ्तारीला खजूर, फळं, बेसनाची भजी, पण बेसन घरघंटीचं आणि तेल ताजं. हलीमच्या मोसमात आम्ही दुसरीकडे बघतो.

एक कबुली अजून. २०२० ची ईद, २५ मेची, लॉकडाऊनमधली. सगळ्यांना ती ईद उदास गेली. ईदगाह बंद, गळाभेट नाही, कुणाकडे जाणं नाही, कुणी येणं नाही. माणसं मरत होती, रोज भीतीच्या बातम्या. आणि आम्ही दोघी मात्र त्या दिवशी मोकळ्या होतो. कुणाच्या घरी नाही म्हणायचं नव्हतं. थोरलीनं तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा केला, जरा तुटला, गिचका झाला, पण चव खजुराची आणि चारोळीची, म्हणजे ईदचीच. फोनवर एकमेकींना दाखवत खाल्ला. शहरात इतकं दुःख असताना आपल्याला बरं वाटलं याचं पुढं कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

धाकटीच्या लग्नाचंही थोडक्यात सांगतो. स्थळं यायची. नातेवाईक म्हणायचे, सांगू नका, नंतर कळेल तेव्हा कळेल. आमचं ठरलं होतं, सांगायचं. दोन ठिकाणी सांगितलं आणि दोन्ही ठिकाणांहून पुन्हा फोन आला नाही. तिसऱ्या ठिकाणी मुलानं विचारलं, ‘बिर्याणी चालते ना?’ चालते म्हटल्यावर तो म्हणाला, मग अडचण कसली. २०१९ मध्ये निकाह झाला, वलीमा दालचा-खान्याचा. तिच्या सासूबाईंनी पहिले सहा महिने ‘ये कैसी बीमारी’ म्हणून नाक मुरडलं. आता त्या स्वतः भाकरीच खातात, गुडघ्याला बरं वाटतं म्हणतात. गुडघ्याचा आणि गव्हाचा काही संबंध नाही. आम्ही सांगायला जात नाही.

प्रवासात आमच्या पिशवीत सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असते. आठ-आठ दिवस टिकते. लग्नाला गेलो तर आधी फोन करून विचारतो, नसेल जमत तर भाकरी काढून बसतो, उघड. आधी बायका बघायच्या. आता अर्धी भाकरी मागून घेतात.

थोरलीची मुलगी २०१४ ची. जबीन म्हणू या, नाव खरं नाही. २०१८ मध्ये तिची तपासणी चांगली आली होती. पण हा रोग एकदा नाही निघाला म्हणून पुढं निघणार नाही असं नसतं, म्हणून अधूनमधून पुन्हा बघावं लागतं. मागच्या महिन्यात ती रात्री उठून आईजवळ आली आणि म्हणाली, ‘अम्मी, जीव घाबरा होतोय.’ दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. घाबरायला तेवढं पुरेसं आहे. आम्ही फोनवर एकमेकींना तसंच सांगितलं. तरी मंगळवारी तिचं रक्त दिलं. रिपोर्ट येईपर्यंत तिला रोज चपाती खायची आहे. घरघंटीत गहू घालायचा नाही, म्हणून थोरलीनं पाच किलो गहू मामांच्या गिरणीवर नेला. मामांनी डबा उघडून बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, हे तुमचं दळण?’